परक्या देशाचे पोलीस उभे करताना: आधी पगारपत्रक, मग बंदूक

धानोरा तालुक्यातली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. तिने विचारलेला प्रश्न असा: "सर, युद्ध झालेल्या देशांत बाहेरचे देश आपले पोलीस पाठवतात, तिथल्या पोलिसांना शिकवतात, भरपूर पैसा देतात. अफगाणिस्तानात वीस वर्षं हे चाललं आणि २०२१ मध्ये काही दिवसांत सगळं संपलं. मग अशा मदतीचा उपयोग होतो का? आणि आपल्याकडचं कोणी गेलं तर तिथे नेमकं काय काम करतं?"

बेटा, उपयोग होतो. पण फोटोत दिसणाऱ्या मदतीचा कमी होतो आणि कचेरीतल्या टेबलावर होणाऱ्या मदतीचा जास्त. माझी नोकरी राज्य पोलिसांत झाली, बरीचशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या ठाण्यांत. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर दक्षिण सुदानमध्ये होतो. तिथे जे पाहिलं आणि बाकीच्या देशांत जाऊन आलेल्या सहकाऱ्यांकडून, अहवालांमधून जे समजून घेतलं, त्यावरून सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. संयुक्त राष्ट्रांचे पोलीस गेले म्हणजे ते त्या देशाचे ठाणेदार झाले, असं नसतं. तसं दोनच ठिकाणी ठळकपणे झालं. कोसोवोत १९९९ च्या जूनपासून आणि पूर्व तिमोरमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून. तिथे अटक, तपास, वाहतूक, सगळं बाहेरच्या पोलिसांच्या हाती होतं, कारण स्थानिक यंत्रणाच उरली नव्हती. एरवी पोलीस तीन तऱ्हेने जातात. एक, पूर्ण तुकडी: साधारण दीडशेच्या आसपास माणसं, स्वतःच्या गाड्या, स्वतःचा मेस, काम जमाव आवरणं आणि संरक्षण देणं. दोन, एकेकटे अधिकारी, जे स्थानिक पोलिसांसोबत बसतात, फिरतात, शिकवतात. तीन, नुसता पैसा, गाड्या, रेडिओ, इमारती. मी दुसऱ्या प्रकारातला. अशा अधिकाऱ्याकडे बहुतेक मोहिमांत हत्यारही नसतं आणि अटकेचा अधिकारही नसतो.

अधिकार नसलेल्या पोलिसाने करायचं काय, हा प्रश्न दक्षिण सुदानमध्ये रोज समोर यायचा. २०११ च्या जुलैत तो देश स्वतंत्र झाला. तिथल्या पोलीस दलात मोठा भरणा जुन्या बंडखोर सैन्यातल्या माणसांचा होता. लढाई संपली, माणसं उरली, त्यांना कुठेतरी ठेवायचं म्हणून पोलिसांत घेतलं. वाचता येणारे थोडे. अशा दलाला पोलिसी शिकवणं हेच मोहिमेचं काम होतं. मग २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या बाजूंमध्ये युद्ध पेटलं आणि हजारो माणसं जीव वाचवायला संयुक्त राष्ट्रांच्या तळांच्या कुंपणात शिरली. जुबा, मलाकल, बेंतिऊ. बेंतिऊच्या छावणीत पुढे लाखाच्या वर माणसं राहिली. आपल्या वडसा किंवा ब्रह्मपुरीत राहतात त्यापेक्षा जास्त माणसं, तीही मातीच्या बांधाआड, ताडपत्रीखाली.

सरकारी पोलीस त्या युद्धात एका बाजूचे झाले होते. त्यामुळे २०१४ च्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने मोहिमेचं काम बदललं: सरकारची ताकद वाढवणं मागे, लोकांचं रक्षण पुढे. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. ज्या पोलिसांना भिऊन माणसं पळाली, त्यांनाच अधिक चांगलं गोळीबार-प्रशिक्षण देणं म्हणजे मदत नव्हे.

पण मग त्या लाखभर माणसांत चोरी झाली, मारहाण झाली, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, तर? आम्ही फाटकावर झडती घेऊन हत्यारं काढून घेऊ शकत होतो. माणूस पकडून आतल्या कोठडीत ठेवू शकत होतो. पण खटला चालवायला न्यायालय नाही, आणि सरकारच्या ताब्यात द्यावं तर त्याच्या जमातीमुळे त्याचा जीव जाण्याची भीती. किती दिवस ठेवायचं? कोणत्या कायद्याने? हा पेच कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात सुटलेला नव्हता.

मग छावणीतले वडीलधारे, जमातीचे प्रमुख, महिलांचे गट यांच्यातून तंटा मिटवणाऱ्या मंडळ्या बनल्या. रात्री गस्त घालणारे छावणीतलेच तरुण, बिनहत्यारी. आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समित्या मी ठाणेदार म्हणून जवळून पाहिल्या होत्या. त्यामुळे ही पद्धत कुठे कामी येते आणि कुठे घात करते हे मला लगेच दिसलं. पाण्याच्या रांगेतलं भांडण, उसनवारी, धक्काबुक्की हे त्या मंडळ्या आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं मिटवत. पण बाईवरच्या अत्याचाराचं प्रकरण त्यांच्याकडे गेलं की बोलणं लगेच किती गुरं द्यायची यावर यायचं. भरपाई बापाला किंवा नवऱ्याला. मुलीला कोणी विचारायचं नाही. जातपंचायतीचे निवाडे पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो २०१६ मध्ये, म्हणजे अगदी परवा. म्हणून बाहेरून जाणाऱ्याने स्थानिक पद्धतीचं डोळे झाकून कौतुक करू नये. कोणती प्रकरणं पंचांसमोर जाणारच नाहीत ही रेघ पहिल्या दिवशी ओढावी लागते, आणि ती ओढताना बायकांना सोबत घ्यावं लागतं.

सरपणाचं सांगतो, कारण तुला ते चटकन समजेल. छावणीतल्या बायका सरपण आणायला बाहेर जात. पुरुष गेला तर त्याला मारतील, म्हणून बायकाच जात, आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होत. ठरलेल्या वाटेने दिवसभर फिरणारी गस्त काही कामाची नव्हती. बायका कोणत्या वेळी निघतात, किती लांब जातात, कोणत्या ओढ्याजवळ भीती वाटते हे त्यांच्याकडूनच विचारून गस्तीची वेळ आणि वाट ठरवली की हल्ले टाळता येत. तुमच्याकडे मोहफुलं वेचायला बाया पहाटे निघतात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत अख्खं गाव जंगलात असतं. बीट जमादाराला हे माहीत नसेल तर त्याची गस्त कागदावरची. सुरक्षा म्हणजे एवढं बारीक असतं, आणि मोठ्या परिषदांच्या ठरावांत ते मावत नाही.

आता अफगाणिस्तान. "वीस वर्षं हे चाललं" असं तू म्हणालीस. काय चाललं ते नीट पाहू. २००२ पासून पोलिसांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी जर्मनीने घेतली. काबूलच्या अकादमीत अधिकाऱ्यांसाठी लांब पल्ल्याचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. ते चांगलं होतं, पण त्यातून निघणारी माणसं थोडी. अमेरिकेला हजारोंच्या संख्येत शिपाई हवे होते, म्हणून काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन माणसं चौक्यांवर पाठवली गेली. २००७ मध्ये युरोपीय संघाची मोहीम आली, २००९ मध्ये नाटो या लष्करी युतीची प्रशिक्षण मोहीम आली. म्हणजे एकाच पोलीस दलाला वेगवेगळे गुरुजी वेगवेगळा धडा देत होते. त्यात बहुतेक शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. फिर्याद लिहिता येत नाही, गाडीचा नंबर टिपता येत नाही, स्वतःच्या पगाराचा कागद वाचता येत नाही. साक्षरतेचे वर्ग मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते मोहिमेला सात-आठ वर्षं झाल्यावर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: त्या शिपायांना पोलिसाचं काम दिलंच नाही. तालिबानशी लढायला रस्त्याकडेच्या चौकीत बसवलं. हलकी हत्यारं, कमी कुमक, सैन्यापेक्षा कमी संरक्षण. गावातल्या माणसाने जमिनीच्या भांडणाची तक्रार घेऊन कुणाकडे जावं? जिथे सरकारी ठाणं आणि न्यायालय पैसे मागत होतं, तिथे तो तालिबानच्या काझीकडे जायचा, कारण तिथे निकाल लवकर लागायचा. माझ्या मते अफगाण पोलिसांची हार तिथे झाली. १५ ऑगस्ट २०२१, तालिबानने काबूल घेतलं तो दिवस, हा फक्त ती हार जगाला दिसल्याचा दिवस.

पगाराकडे येतो. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

अफगाण पोलिसांचा पगार देण्यासाठी २००२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाखाली एक निधी उभारला गेला. जपान, अमेरिका, युरोपातले देश त्यात पैसे घालत. पैसा काबूलला पोचे, तिथून प्रांताला, तिथून जिल्ह्याच्या कमांडरच्या हाती रोख. कमांडर वाटणार. तो किती वाटतो आणि किती ठेवतो हे शिपायाला कळायला मार्गच नाही. शिवाय यादीतली सगळी माणसं खरी होती कुठे? मेलेली, पळून गेलेली, कधी आलीच नाहीत अशी नावं चालू ठेवायची आणि त्यांचा पगार उचलायचा. अमेरिकेच्याच तपासनीस कार्यालयाने वर्षानुवर्षं हे लिहून ठेवलं आहे. २००९ मध्ये वर्दक प्रांतातल्या थोड्या पोलिसांना पगार थेट मोबाइलवरून देण्याचा प्रयोग झाला. पहिला पगार आल्यावर त्यांच्यातल्या काहींना वाटलं आपल्याला पगारवाढ मिळाली. वाढ नव्हती. पूर्ण पगार पहिल्यांदाच हातात आला होता.

आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावर जुन्या काळी खोट्या नावांचं मस्टर भरलं जायचं, ते तुझ्या आजोबांना विचार. मेलेला माणूस बांधबंदिस्तीवर हजर असायचा. पैसे मजुराच्या खात्यात जाऊ लागल्यावर ते अवघड झालं, पूर्ण बंद झालं असं नाही. पोलिसांच्या बाबतीत या चोरीची किंमत फार मोठी पडते. ज्या चौकीवर कागदावर वीस माणसं आहेत आणि प्रत्यक्षात आठ, ती चौकी रात्री आठच माणसांनी लढवायची असते. आणि ज्या शिपायाचा अर्धा पगार वरचा माणूस खातो, तो उरलेला अर्धा नाक्यावर ट्रकवाल्याकडून वसूल करतो. मग ट्रकवाला, शेतकरी, बाजाराला जाणारी बाई, सगळ्यांच्या लेखी पोलीस म्हणजे लुटारू. त्या पोलिसाला तुम्ही मानवी हक्कांचा कितीही चांगला वर्ग द्या, त्याचं पोट नाक्यावर भरतं.

म्हणून मला कोणी विचारलं की युद्धातून बाहेर पडणाऱ्या देशाच्या पोलिसांसाठी पहिला पैसा कशावर खर्चावा, तर मी सांगतो: माणसं मोजा. प्रत्येकाचा फोटो, बोटांचे ठसे, ओळखपत्र, खातं. पगार थेट त्याच्या हाती. मग निवड, मग प्रशिक्षण, मग इमारत, आणि हत्यार सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात क्रम बहुतेक वेळा उलटा असतो, कारण गाड्यांच्या चाव्या देतानाचा कार्यक्रम होतो, पगारपत्रक तपासण्याचा होत नाही.

निवडीत पूर्व तिमोरचा धडा मोठा आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या हाती सगळा अधिकार होता, म्हणजे कोरी पाटी. तरीही घाई झाली. इंडोनेशियाच्या राजवटीतल्या काही जुन्या पोलिसांना थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन नव्या दलात घेतलं. स्वातंत्र्यासाठी जंगलात लढलेली माणसं सैन्यात गेली, आणि ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांच्यातले काही पोलिसांत बसलेले त्यांना दिसले. त्यात पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असा भेद वाढत गेला. २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला, कौतुक झालं, बाहेरची माणसं झपाट्याने कमी केली गेली. २५ मे २००६ ला राजधानी दिलीमध्ये पोलीस मुख्यालयावर सैनिकांनी हल्ला केला. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी मध्यस्थी करून पोलिसांना निःशस्त्र बाहेर काढलं, आणि त्यांच्या सोबतीने चाललेल्या त्या पोलिसांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. आठ पोलीस मेले. त्यानंतर नवी मोहीम पाठवावी लागली आणि ती २०१२ च्या शेवटापर्यंत राहिली. पोलीस आणि सैन्य यांचं नातं न ठरवता नुसते पोलीस उभे केले की असं होतं. कोणाचं काम कुठे संपतं, वाद झाला तर कोण ऐकणार, हे त्या देशातल्या राजकारण्यांनी बसून ठरवावं लागतं. बाहेरचा माणूस टेबल मांडून देऊ शकतो, त्यांच्या वतीने बसू शकत नाही.

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. बोस्नियात १९९५ च्या शेवटी युद्ध थांबलं. डेटन इथे झालेल्या शांतता करारानुसार आंतरराष्ट्रीय पोलीस गेले, बिनहत्यारी. रस्ते मोकळे झाले, पण माणसं दुसऱ्या भागात जायला धजत नव्हती. कारण गाडीच्या नंबरावरून मालक एकमेकांशी लढलेल्या तीन समाजांपैकी कोणत्या, म्हणजे सर्ब आहे, क्रोएट आहे की बोस्नियाक, हे ओळखू यायचं. नाक्यावरचा पोलीस पाटी पाहूनच थांबवायचा. १९९८ मध्ये सगळ्या देशासाठी एकच नंबरपाटी आणली. त्यावरची अक्षरंही अशी निवडली जी रोमन आणि सर्ब वापरतात ती सिरिलिक, दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. पाटीवरून माणूस ओळखता येईना, आणि वाहनं इकडून तिकडे जाऊ लागली. एमएच ३३ ची गाडी घेऊन तू नागपूरला जातेस तेव्हा कोणी तुला त्या पाटीमुळे उतरवत नाही. ही किती मोठी गोष्ट आहे, हे ती गमावलेल्या देशात गेल्यावर कळतं.

नंबरपाट्यांनीच जवळच्या कोसोवोत उलटा रंग दाखवला. कोसोवोचं पोलीस दल हे बाहेरच्या मदतीचं यशस्वी उदाहरण मानलं जातं, आणि ते खरंही आहे. १९९९ च्या सप्टेंबरात वुश्त्री गावी प्रशिक्षण शाळा सुरू झाली, अल्बेनियन आणि सर्ब उमेदवार एकत्र शिकले, स्त्रियाही घेतल्या गेल्या. नवे पोलीस काही काळ बाहेरच्या अनुभवी पोलिसासोबत फिरत आणि मग एकेक ठाणं त्यांच्या हाती सोपवलं जाई. तरी २०२२ च्या नोव्हेंबरात सर्बियन नंबरपाट्या बदलण्याच्या सरकारी हुकमावरून उत्तर कोसोवोतले शेकडो सर्ब पोलीस एकदम राजीनामा देऊन बाहेर पडले. वीस वर्षांहून जास्त जपलेलं मिश्र दल त्या भागात एका आठवड्यात रिकामं झालं. प्रशिक्षणात खोट नव्हती. वरचा तंटा मिटलेला नव्हता.

तू मुलगी आहेस, म्हणून लायबेरियाचं आवर्जून सांगतो. तिथली यादवी २००३ मध्ये थांबली. २००७ च्या जानेवारीत भारताने पाठवलेली पोलीस तुकडी ही संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली संपूर्ण महिलांची तुकडी. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराच्या वर महिला, नेतृत्व सीमा धुंडिया यांचं. राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या कार्यालयाचा पहारा, मन्रोव्हियातली रात्रीची गस्त, जमाव आवरणं, ही सगळी कामं त्यांनी केली. तुकड्या बदलत २०१६ पर्यंत राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांत स्त्रियांचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेलं. ही वाढ फक्त आपल्या तुकडीमुळे झाली असं म्हणणं बरोबर नाही. लायबेरियाच्या सरकारने मुलींसाठी शाळा लवकर पूर्ण करण्याचे खास वर्गही चालवले होते, कारण युद्धात त्यांचं शिक्षण सुटलं होतं. त्यातही घाईमुळे काहींचं लिहिणं-वाचणं कच्चं राहिलं. पण सकाळी रस्त्यावरून बंदूक खांद्याला लावून जाणारी बाई पाहून एखाद्या मुलीच्या मनात काय येतं, हे तुला मी सांगायची गरज नाही.

सिएरा लिओनमध्ये वेगळ्या तऱ्हेने काम झालं. तिथे १९९९ पासून काही वर्षं पोलीस दलाचा प्रमुखच एक ब्रिटिश अधिकारी होता, कीथ बिडल. त्यांच्या काळात २००१ मध्ये ठाण्यांमध्ये कुटुंब साहाय्य कक्ष सुरू झाले: घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांवरचे गुन्हे यांसाठी पोलीस आणि समाजसेवक एकत्र. युद्धात बायकांवर जे झालं होतं त्यानंतर लोकांना पोलिसांकडून हीच पहिली गोष्ट हवी होती. हे कक्ष टिकले. परदेशी माणूस प्रमुख असणं मला तत्त्वतः पटत नाही, पण तिथल्या सरकारनेच ती मागणी केली होती आणि दल स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती सोपवून बिडल परत गेले, एवढं मान्य करावं लागतं.

हैतीचं चित्र दुःखद आहे. २००४ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांची मोठी मोहीम होती, भारतीय पोलीस तुकड्याही गेल्या होत्या. २०१० मध्ये शांतिसैनिकांच्या एका तळावरच्या मैल्यामुळे नदीत कॉलरा पसरला, सुमारे दहा हजार माणसं मेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली ती २०१६ मध्ये. रक्षण करायला आलेल्यांवरचा विश्वास एकदा असा गेला की पुढच्या दहा मोहिमांना त्याची झळ बसते. पोलिसांचं संख्याबळ वाढलं, पण न्यायालयं चालेनात. तुरुंगातले बहुसंख्य कैदी खटला न चालताच आत. २०२४ च्या मार्चमध्ये टोळ्यांनी राजधानीतला मुख्य तुरुंग फोडला आणि हजारो कैदी पळाले. वर्षानुवर्षांच्या अटका एका रात्रीत पुसल्या गेल्या. त्या वर्षी जूनमध्ये केनियाच्या नेतृत्वाखालचं दल पोचलं. अडीच हजारांचं ठरलं होतं, निम्मीही माणसं जमली नाहीत, कारण पैसा देशांच्या मर्जीवर होता. २०२५ च्या सप्टेंबरअखेर सुरक्षा परिषदेने त्याजागी साडेपाच हजारांच्या दलाला मंजुरी दिली. मंजुरी आणि माणसं यांत किती अंतर असतं ते वरती दिसलंच.

मदत देणाऱ्यांवर काही बंधनं आहेत, ती चांगली आहेत. अमेरिकेत १९९७ पासून कायदा आहे की मानवी हक्क तुडवणाऱ्या तुकडीला मदत देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये तसंच धोरण स्वीकारलं. अंमल सगळीकडे सारखा होत नाही. जिथे मित्रदेश गुंतलेला असतो तिथे डोळेझाक होते.

गडचिरोलीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण बेताने करायला हवी. आपल्याकडे राज्य कोसळलं नव्हतं. न्यायालय होतं, पगार होत होता, निवडणुका होत होत्या. तरी काही गोष्टी जुळतात. १९९० मध्ये नक्षलवाद्यांशी लढायला सी-६० दल उभं राहिलं तेव्हा त्यात जिल्ह्यातलीच मुलं घेतली, ज्यांना गोंडी-माडिया येते आणि जंगल माहीत आहे. आणि पुढे दुर्गम भागातल्या पोलीस मदत केंद्रांत दादालोरा खिडकी सुरू झाली, जिथे जातीचा दाखला, आधार, योजनांचे अर्ज यांसाठी माणूस येऊ लागला. ज्या माणसाला पोलीस दारी आला की धडकी भरायची, तो स्वतःहून ठाण्याच्या दारात आला. अफगाण चौक्यांना हे जमलं नाही. पोलिसांनी महसूल खात्याची कामं कायम करत राहावं असं मला वाटत नाही. तहसील कार्यालय तिथवर पोचलं पाहिजे. पण तोवर हा मार्ग बरा.

पुढचे दिवस कठीण आहेत. मालीच्या सरकारने सांगितल्यावरून तिथली मोहीम २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली. २०२५ मध्ये पैशाच्या टंचाईमुळे शांतिसेनेतली जवळपास चौथा हिस्सा माणसं कमी करण्याचा निर्णय झाला. कमी माणसांत काय वाचवायचं असा प्रश्न आला तर मी तुकड्या कमी करीन, आणि पगारपत्रक, तपास, महिला कक्ष यांवर बसणारे अनुभवी अधिकारी ठेवीन. अनेक जण याच्याशी सहमत होणार नाहीत, कारण तुकडी नसेल तर त्या अधिकाऱ्याचं रक्षण कोण करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

शेवटी तुझं आणि तुझ्या मैत्रिणींचं. संयुक्त राष्ट्रांत पोलीस म्हणून थेट भरती होत नाही. आधी आपल्या राज्याच्या किंवा केंद्रीय दलात लागायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अटीप्रमाणे किमान पाच वर्षांची सेवा व्हावी लागते, वय पंचवीसच्या वर हवं, आणि नाव सरकारमार्फतच जातं. परीक्षेत इंग्रजी, गाडी चालवणं आणि हत्यार हाताळणं तपासतात. गाडी म्हणजे गिअरची, चारी चाकांना जोर असलेली मोठी गाडी. आपल्याकडचे चांगले-चांगले अधिकारी इंग्रजी आणि गाडी, या दोन ठिकाणी नापास होतात. नागपूर, चंद्रपूरला कोणी "यूएनमध्ये लावून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर सरळ ठाण्यात तक्रार कर. संयुक्त राष्ट्रं निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाहीत.

तुझी ८०० मीटरची धाव सुधारते आहे असं तू लिहिलंस, ते छान. भरती झालीस की पहिल्या दोन-तीन वर्षांत ठाण्यातल्या मोहरीरजवळ, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या लेखनिकाजवळ, बसायची संधी मागून घे. फिर्याद कशी लिहितात, मुद्देमालाची नोंद कशी ठेवतात, ड्यूटी कशी लावतात, हे शिकायला बहुतेक पोरं नाखूष असतात. परक्या देशातल्या ठाण्यात तुझ्यासमोर बसलेला शिपाई तुला पहिल्यांदा हेच विचारेल.